शब्दचर्चा : भ्रमाचा भोपळा फुटतो, जो फुटत नाही त्याला काय म्हणायचं?

कुंदकळी :
एका अनियतकालिकासाठी लेख लिहितेय. विषय मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचा श्रेबरवरचा निबंध, 1911 चा. एका शब्दावर अडले आहे, त्यावरून संपादकांशी खटकाही उडाला, म्हणून इथे विचारते.

श्रेबर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॅनियल पाउल श्रेबर हा जर्मनीतल्या सॅक्सनीचा न्यायाधीश. 1884 मध्ये राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, निवडणुकीत पडला, पाठोपाठ आजारी झाला आणि लिपझिगला प्रा. फ्लेक्सिग यांच्या इस्पितळात राहून बरा झाला. 1893 मध्ये ड्रेस्डेनच्या वरिष्ठ न्यायालयात मोठ्या पदावर बढती मिळाली आणि दोन महिन्यांच्या आत पुन्हा कोसळला. या खेपेला त्याची खात्रीच पटली की फ्लेक्सिग आपल्या आत्म्याचा खून करायला निघालेत, देवाचे किरण आपल्या मज्जातंतूंना येऊन चिकटलेत, आणि देवाच्या संगानं आपली बाई होऊन आपल्यापासून नवी माणूसजात जन्मणार आहे. 1902 मध्ये स्वतःच अर्ज-अपिलं लिहून त्यानं कोर्टाकडून आपलं स्वातंत्र्य परत मिळवलं, 1903 मध्ये आठवणी छापल्या. फ्रॉइड त्याला कधीच भेटला नाही. त्यानं फक्त ते पुस्तक वाचलं.

आता वाक्य. माझा कच्चा खर्डा असा : ‘आपण ज्याला रोगाची उपज समजतो तो भ्रम म्हणजे प्रत्यक्षात बरं होण्याची धडपड आहे, पुन्हा उभारणी आहे.’ संपादक म्हणतात, भ्रम बरोबर आहे, पुढे चला. मला हे वाक्य उभंच राहत नाही असं वाटतं. मराठीत भ्रमाचा भोपळा असतो आणि तो फुटतो. दिवा आणला की दोरीवरचा साप जातो. श्रेबर तर कायद्याचा माणूस, पुरावा म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवायला नको होतं, तरी त्याचा साप गेला नाही. शिवाय फ्रॉइडचा मूळ शब्द ‘वानबिल्डुंग’, त्यात ‘वान’ म्हणजे भ्रम, पण ‘बिल्डुंग’मध्ये घडण आहे, बांधकाम आहे. भ्रमात बांधकाम कुठलं?

जुनापेठकर :
शब्द आहेत हो, वापरायची तयारी नसते एवढंच. संभ्रम, विभ्रम, व्यामोह. मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत कधीपासून आहेत. प्रत्येक लेखकानं नव्यानं चूल मांडली तर परिभाषा रुजणार कधी? माझं मत ‘व्यामोह’ला.

टाकबोरू :
जुनापेठकर, तीन पुस्तकांत तीन शब्द असतील तर ती रुजलेली परिभाषा नव्हे. आणि या शब्दांना आधीचे धनी आहेत. ‘संभ्रम’ वर्तमानपत्रांनी नेला : ‘परिपत्रकामुळे पालकांत संभ्रम’. म्हणजे काय करावं ते कळेना. श्रेबरला तर सगळं कळलेलं होतं, अडचण नेमकी तीच होती. ‘विभ्रम’ संस्कृत काव्यात नायिकेचे, भुवया उडवणं वगैरे. ‘व्यामोह’मध्ये मोह आहे, वाचणाऱ्याला वाटेल, याला कसली तरी भूल पडली. मुळात भ्रम् हा धातूच गरगरण्याचा. भ्रमण, भोवरा, भोवळ सगळी त्याचीच पिलावळ. भोवळ आली की माणूस तोल जाऊन पडतो. कुंदकळीताई म्हणतात ती वस्तू पडणारी नाही, पाय रोवून उभी राहणारी आहे.

लिपझिगकर :
जर्मन बाजूची एक गोष्ट. ‘वान’ हा जुन्या जर्मनमध्ये आशा, अपेक्षा, अंदाज अशा अर्थाचा शब्द होता. वेडाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. ‘वानझिन’मधला, म्हणजे वेडेपणामधला ‘वान’ वेगळा, त्याचा अर्थ ‘उणा, रिकामा’. पुढे दोन्ही एकमेकांत मिसळले. त्यामुळे फ्रॉइड ‘वान’ म्हणतो तेव्हा तळाशी कुठेतरी आशा आहे, असं मला वाटतं. फ्रॉइडच्या मनात ते होतं की नाही, हा प्रश्न वेगळा.

टाकबोरू :
मनात नसेल तर उपयोग काय? ‘साहस’ म्हणताना आपल्या मनात संस्कृतातला जबरदस्तीचा अर्थ असतो का? व्युत्पत्ती शब्दाचं जन्मगाव सांगते, आज तो कुठे राहतो ते सांगत नाही.

मनोवैद्य :
मी मानसोपचार करतो. आमच्या माहितीपत्रकांत ‘भास आणि भ्रम’ अशी जोडी असते. जे नाही ते ऐकू येतं किंवा दिसतं तो भास, आणि जे नाही ते पक्कं वाटतं तो भ्रम. सोपं आहे, चालतं. पण ओपीडीत बसल्यावर नातेवाइकांच्या तोंडून मी ‘भ्रम’ क्वचित ऐकतो. ते म्हणतात, ‘डॉक्टर, त्यानं डोक्यात घेतलंय.’ किंवा ‘तिच्या मनात बसलंय ते काही निघत नाही.’ आणि नवरा-बायकोचं असेल तर एकच शब्द : ‘संशय’.

सिद्धान्ताबद्दलही बोलायला हवं. श्रेबरच्या आजाराचं मूळ फ्रॉइडनं पुरुषाबद्दलच्या दाबलेल्या ओढीत शोधलं. आज आम्ही कुणीही त्यावरून निदान करत नाही, औषधं देतो आणि त्यांचा गुण येतो. समलिंगी ओढ आणि आजार यांची जी सांगड त्यातून लोकांच्या डोक्यात बसली तिनं बरंच नुकसान केलं आहे. लेखात हे स्पष्ट लिहा, ही विनंती. ‘बरं होण्याची धडपड’ हे निरीक्षण मात्र मी टाकून देणार नाही.

नदीकाठ :
डॉक्टरांनी ‘डोक्यात घेतलंय’ म्हटलं आणि मला आमची आत्या आठवली. शेजारची बाई रात्री आपल्या विहिरीत काहीतरी टाकते, असं तिनं मनात घेतलं होतं. पाणी आधी तीन पदरी फडक्यानं गाळायची, मग उकळायची, मग पहिला पेला मांजराला. मांजर प्यायलं की आम्हाला द्यायची. घरातले सगळे तिला समजावून दमले. पुढे गोळ्या सुरू झाल्या, त्या लागू पडल्या, विहिरीचं बोलणं थांबलं. आणि ती ओट्यावर नुसती बसून राहायला लागली. एक दिवस मला म्हणाली, ‘आता मी कुणासाठी पाणी गाळू?’ काका त्याच विहिरीत गेले होते, माझ्या जन्माआधी. फ्रॉइडचं मला काही माहीत नाही, पण तुमचं ते ‘पुन्हा उभारणी’ मी लगेच समजले. ‘भ्रम’ लिहिलं असतंत तर आत्या आठवली नसती.

कुंदकळी :
नदीकाठ, मनापासून आभार. मला हेच पोहोचवायचं आहे. फ्रॉइडची मांडणी अशी की खरा आजार आधी घडून गेलेला असतो, आणि तो मुकाट्यानं घडतो. माणसाचा जीव जगातून, माणसांतून निघून येतो. श्रेबरला एका टप्प्यावर वाटत होतं की जग बुडालं, आपण एकटेच उरलो, समोर हिंडताहेत त्या निव्वळ तात्पुरत्या उभ्या केलेल्या आकृत्या आहेत. त्यानंतर देव, किरण, नवी माणूसजात हे सगळं तो रचतो. म्हणजे बुडालेल्या जगात राहता येईल असं काहीतरी पुन्हा बांधतो. आपल्याला दिसतं ते बांधकाम, म्हणून आपण त्यालाच पडझड समजतो.

तांबडीमाती :
आमच्या सिंधुदुर्गात ‘खुळो’, गोव्यात ‘पिसो’. जुन्या मराठीतलं ‘पिसें’ तेच, आणि त्याच्या मुळाशी पिशाच आहे. म्हणजे बाहेरून काहीतरी येऊन धरतं. ‘खूळ’ही डोक्यात शिरतं. उलट ‘डोक्यात घेतलंय’ यात माणूस स्वतः काहीतरी करतोय. फ्रॉइडची बाजू या दुसऱ्या प्रयोगात जास्त आहे, नाही का?

जुनापेठकर :
उत्तम निरीक्षण. पण शास्त्रीय लेखात ‘डोक्यात घेतलंय’ लिहिणार? ‘श्रेबरचं डोक्यात-घेणं’? बोलीला बोलीचं स्थान आहे, शास्त्राला प्रतिष्ठित शब्द लागतो.

तांबडीमाती :
फ्रॉइडनं प्रतिष्ठित शब्द कुठे वापरले? मनाच्या भागांना त्याची नावं ‘इश्’ म्हणजे मी, ‘एस’ म्हणजे ते. इंग्रजी भाषांतर करणाऱ्यांनी तिथे लॅटिन ‘इगो’ आणि ‘इड’ बसवले. घरातलं जर्मन होतं ते दवाखान्यातलं झालं. आपण तीच चूक संस्कृतातून करायची का?

जुनापेठकर :
संस्कृत आपल्याला लॅटिनइतकं परकं नाही. ‘मन’, ‘दुःख’, ‘संशय’ हे शब्द आजीबाईही बोलतात, तेही तत्समच आहेत.

कुंदकळी :
दोघांचंही पटतंय. ‘वानबिल्डुंग’साठी सध्या ‘भ्रमरचना’ लिहून ठेवलंय, समाधान नाही. ‘प्रक्षेपण’चंही तसंच. आतली भावना बाहेरच्या माणसावर टाकणं या अर्थी तो पाठ्यपुस्तकी शब्द, पण क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणानं तो पळवला. गंमत म्हणजे फ्रॉइड याच निबंधात स्वतःला दुरुस्त करतो : आतलं दाबलं आणि बाहेर फेकलं हे बरोबर नाही, आत जे मिटवलं गेलं ते बाहेरून परत येतं. फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँनं 1955-56 च्या व्याख्यानमालेत हाच धागा पकडून पुढे नेला.

आता दुसरी अडचण, ही जास्त अवघड आहे. श्रेबरचे स्वतःचे शब्द. तो म्हणतो, देव एक ‘मूळभाषा’ बोलतो. जुन्या वळणाची, जोरकस जर्मन, आणि त्यात सभ्य पर्यायांची रेलचेल. कधी अर्थ अगदी उलटा : शिक्षेला बक्षीस म्हणायचं, अन्नाला विष.

टाकबोरू :
अहो, मग मराठी वाचकाला हे परकं का वाटेल? आपण दिवा विझवत नाही, मालवतो किंवा वाढवतो. बांगडी फुटली तर ‘वाढवली’. निघताना ‘येतो’ म्हणायचं, ‘जातो’ म्हटलं की आई रागावते. रात्री साप म्हणायचं नाही, ‘जनावर’ म्हणायचं. श्रेबरच्या देवाला मराठी नीट जमली असती. हे मी पूर्ण गांभीर्यानं म्हणतोय. अनुवादात हाच पोत वापरा.

कुंदकळी :
हे फार उपयोगाचं आहे. त्याचा ‘झेलेनमोर्ट’ बघा, आत्म्याचा खून. ‘आत्महत्या’ चालत नाही, अर्थ भलतीकडे जातो. ‘आत्म्याची हत्या’ सपाट वाटतं.

जुनापेठकर :
‘तेजोवध’ हा अस्सल मराठी वापरातला शब्द आहे. त्याच घडणीवर ‘आत्मवध’ का नको?

नदीकाठ :
‘आत्मवध’ म्हणजेही स्वतःचाच वध वाटतो. ‘जीववध’?

टाकबोरू :
‘मन मारणं’ कुणाला आठवलं नाही याचं नवल वाटतं. सुनेनं मन मारून राहायचं, असं म्हणणारं घर प्रत्येकानं पाहिलं असेल. इच्छा आतल्या आत दाबणं, फ्रॉइडचं अर्धं दुकान या दोन शब्दांत आहे. फरक एवढाच की आपण आपलं मन स्वतः मारतो, श्रेबरचं दुसरा कुणी मारतोय.

लिपझिगकर :
दुसरा कोण, हाच वाद आहे. फ्रॉइडच्या मते फ्लेक्सिगच्या मागे वडील आणि भाऊ. वडील मोरिट्झ श्रेबर इथलेच, हाडवैद्यकातले डॉक्टर, मुलांना ताठ बसवण्याची यंत्रं करणारे. लिहिताना मूल पुढे झुकू नये म्हणून टेबलाला अडकवायची आडवी पट्टी त्यांनी काढली होती. 1950 च्या दशकात विल्यम नीडरलँड या मनोविश्लेषकानं ती यंत्रं आणि मुलाच्या तक्रारी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या. देव आपली छाती आवळतो, असं श्रेबर लिहितो. फ्रॉइडनं वडिलांना आदर्श डॉक्टर मानून सोडून दिलं होतं.

आणि झोनेनश्टाइनच्या टेकडीवरच्या ज्या मनोरुग्णालयात श्रेबरनं आठवणी लिहिल्या तिथे 1940-41 मध्ये नाझींनी 13 हजारांहून जास्त मनोरुग्ण आणि अपंग माणसं वायूनं मारली. आता तिथे स्मारक आहे. मी जाऊन आलोय. ‘आत्म्याचा खून’ हा शब्द त्या टेकडीवर निव्वळ आजाऱ्याचा शब्द वाटत नाही.

मनोवैद्य :
हे लेखात यायलाच हवं.

कुंदकळी :
येईल. आता पक्षी. श्रेबरशी पक्षी बोलत. पाठ केलेली वाक्यं म्हणत, अर्थ त्यांना कळत नसे, पण सारख्या आवाजाचे शब्द ऐकले की गडबडत. म्हणून तो त्यांच्यावर जोड्या फेकायचा : सांतियागो–कार्थागो, आबेंडरोट–आटेमनोट. पहिली आहे तशी ठेवते. दुसरीचा अर्थ मावळतीची लाली आणि श्वास कोंडणं. अर्थ ठेवू की नाद?

टाकबोरू :
‘संध्याराग–श्वासत्याग’.

कुंदकळी :
वा! घेतलं.

जुनापेठकर :
श्वासत्याग म्हणजे मरण. श्वास कोंडणं नव्हे. अर्थ बदलला.

टाकबोरू :
पक्ष्यांना अर्थ कळत नव्हता, हाच तर मुद्दा आहे, दादा.

कुंदकळी :
आवाजांची अर्धी वाक्यंही आहेत. ‘आता मी स्वतःला…’ एवढंच म्हणून आवाज थांबणार, आणि उरलेलं, ‘मूर्ख आहे हे पटवून घेतो’, श्रेबरला मनात पुरं करावं लागणार. इथे मराठीनं साथ दिली. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य तोडलं की सगळा भार लोंबकळत राहतो.

पण फ्रॉइडच्या व्याकरणानं घात केला. तो म्हणतो, या आजाराचे, म्हणजे पॅरानॉइयाचे, सगळे प्रकार ‘मी त्याच्यावर प्रेम करतो’ या एका वाक्याला दिलेले नकार आहेत. क्रियापद नाकारलं : प्रेम नाही, द्वेष करतो, कारण तो माझ्या वाईटावर आहे, हा छळाचा भ्रम. कर्म नाकारलं : त्याच्यावर नाही, तिच्यावर. कर्ता नाकारला : मी नाही, ती त्याच्यावर करते, हा मत्सराचा. सगळंच नाकारलं : कुणावरच नाही, फक्त स्वतःवर, मग माणूस स्वतःला जगाचा मध्य समजतो.

जुनापेठकर :
‘मी त्याच्यावर प्रेम करतो’ हे मराठी वाक्यच नव्हे. इंग्रजीचा गडी धोतर नेसून आलाय. मराठीत ‘माझं त्याच्यावर प्रेम आहे’ किंवा ‘मला तो आवडतो’.

तांबडीमाती :
माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी ‘प्रेम करते’च म्हणतात. त्या मराठी नाहीत का?

टाकबोरू :
भांडण बाजूला ठेवा, जुनापेठकरांच्या वाक्यात मोठी गोष्ट दडलीय. ‘मला तो आवडतो’ यात कर्ता ‘तो’ आहे! मी नुसता ‘मला’, चतुर्थीत बसलेला. राग ‘येतो’, शंका ‘येते’, भीती ‘वाटते’, मराठीत भावना आपण करत नाही, त्या आपल्याकडे येतात. मग ‘मला तो आवडतो’ पासून ‘तो माझ्या मागे लागलाय’ पर्यंत यायला जर्मन वाक्याला जेवढी उलथापालथ करावी लागते तेवढी मराठीला लागतच नाही. ‘तो’ आधीपासूनच करणारा आहे.

मनोवैद्य :
विचार करण्यासारखं आहे, पण यावरून मराठी माणूस जास्त संशयी असतो असं कुणी काढू नका. भाषेच्या व्याकरणानं आजार होत नाही. मत्सराचा प्रकार मात्र फ्रॉइडनं दारूच्या संदर्भातही चर्चिला आहे, आणि दारूबरोबर बायकोवरचा संशय आम्ही रोज पाहतो. तिथे शब्दापेक्षा बायकोच्या सुरक्षिततेची काळजी आधी करावी लागते.

नदीकाठ :
श्रेबरला देवाची बायको व्हायचं होतं, हे वाचून मला आपल्या विराण्या आठवल्या. ज्ञानेश्वर, तुकाराम स्त्री होऊन बोलतात. तिकडे तो आजार आणि इकडे भक्ती, असं का?

जुनापेठकर :
कृपा करून संतांना यात ओढू नका.

टाकबोरू :
ओढायचं नाही, पण प्रश्न टाळायचाही नाही. कोलकात्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी, 1922 मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था काढणाऱ्यांनी, 1929 मध्ये फ्रॉइडला लिहिलं होतं की स्त्री होण्याची इच्छा भारतीय पुरुष रुग्णांत युरोपीयांपेक्षा सहज वर येते. बोस यांच्या मते प्रत्येक इच्छेसोबत तिची उलटी इच्छा असतेच. विराणी म्हणणाऱ्याच्या भोवती टाळ वाजवणारे शंभर जण असतात, ती इच्छा सगळ्यांची मिळून असते. श्रेबरभोवती कुणी नव्हतं. त्याला सगळा संप्रदाय एकट्यानं उभा करावा लागला.

मनोवैद्य :
हे मान्य. ज्या समजुतीत सगळा समाज सामील आहे तिला आम्हीही आजार म्हणत नाही.

लिपझिगकर :
जाता जाता एक मदत हवी होती. वडील श्रेबर यांचं नाव इथे आजही रोज घेतलं जातं, ते ‘श्रेबरगार्टन’मुळे. त्यांच्या मृत्यूनंतर 1864 मध्ये लिपझिगला त्यांच्या नावानं मंडळ निघालं, त्यातून या बागा आल्या. शहराकडेला लहान तुकडा मंडळाकडून भाड्यानं घ्यायचा, कुंपण, एक खोपटं, बटाटे, करंट बेरीची झुडपं. मराठीत काय म्हणू?

जुनापेठकर :
परसबाग. झालं.

तांबडीमाती :
परस घरामागे असतं. हे घरापासून लांब आहे. आमच्याकडे घरामागे परडं, लांब असेल ती वाडी.

जुनापेठकर :
वाडी म्हटलं की नारळ-सुपारी डोळ्यांसमोर येते. परसबाग हा शब्द आज गच्चीवरच्या कुंड्यांनाही लावतात.

तांबडीमाती :
गच्चीवर परस कसं असेल?

टाकबोरू :
‘खंडाची बाग’. जमीन खंडानं घेतलेली आहे ना.

लिपझिगकर :
खंड म्हणजे धान्यात द्यायचा ना? इथे वर्षाचं भाडं रोख असतं.

टाकबोरू :
खंड रोखही असतो. आमच्या कागदपत्रांत ‘नक्त खंड’ असा शब्द आहे.

तांबडीमाती :
परडं आणि परसू एकच का? आमच्याकडे दोन्ही म्हणतात, पण आजी परसवात चुलीची राख टाकायची आणि परड्यात अळू लावायची.